उंबऱ्याची वाळू

रत्नाने गोणीतली बाटली उचलली, झाकण पिळून काढलं आणि ती गिरणीच्या तोंडात टाकली. आत खडखडाट झाला, मग करकर, आणि खालच्या घमेल्यात वाळू पडू लागली. तिने चिमूटभर वाळू बोटांत चोळून पाहिली. टोचत नव्हती.

गावात सगळे त्या यंत्राला काचेची गिरणीच म्हणत. आळेफाट्याच्या ढाब्यांवरून, राजुरीच्या लग्नांतून बाटल्या यायच्या. महिला मंडळाच्या बायका त्या धुवायच्या आणि दळायची एकटी रत्ना. धूळ नाकातोंडात जाते म्हणून दुसरं कुणी पुढे यायचं नाही. बाटल्या, बरण्या, फुटकी तावदानं, सगळं चालायचं. बांगड्या तेवढ्या नकोत, अशी मंडळाच्या अध्यक्षबाईंची, मोहिनीची ताकीद होती. कुणाच्या हातच्या असतील, कशा फुटल्या असतील, काय सांगावं?

या वाळूवर मंडळाच्या नव्या सभागृहाची फरशी झाली होती. नवरा गेल्यापासून रत्ना कुणाच्या कार्यात गेली नव्हती. बोलावतंय कोण म्हणा. पण मोहिनी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "फरशीवर पयलं पाऊल रत्नाचं." त्या एका वाक्यावर रत्नाने उन्हाळा, पावसाळा दळण काढलं. आता फक्त उंबरा उरला होता.

मोहिनी शेडच्या दारात आली ती पदर नाकाला लावूनच.

"झालं का गं?"

"उंबऱ्यापुरतं घमेलं ऱ्हायलंय, ताई."

"बरं." मोहिनी उगाच चाळणी हलवत राहिली. "शनिवारी उद्घाटन. बायका म्हणत्यात, संक्रांतीचं हळदीकुंकूच घेऊ त्या दिशी."

"मग मी कवा येऊ?"

"तू असं कर, हितं शेडमधी चहाचं बघ. गर्दी लई व्हणार. फरशी काय पळून चाललीय? रविवारी झाडायला येशील तवा बघ की निवांत."

"पयलं पाऊल म्हणाला व्हता तुमी."

"मी कुठं मानते गं असलं? पण म्हाताऱ्या बायका येणार. त्यांचं मन कशाला मोडायचं?"

मोहिनी मानत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा पहिला हात तिचाच वर गेला होता. पेपरात फोटोही आला. हात वर करायला काय जातं?

"बरं," रत्ना म्हणाली.

मोहिनी गेल्यावर ती घरी आली आणि कणगीमागची पुरचुंडी काढली. आत हिरवा चुरा होता. नवऱ्याला पोचवून आल्यावर बायकांनी नदीकाठी तिचं कुंकू पुसलं होतं, दगडाने तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. तुकडे पाण्यात सोडायचे असतात. तिने ते पदरात बांधून आणले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. शेडमध्ये येऊन तिने पुरचुंडी गिरणीत झाडली. मानता ना? मग आता ओलांडा हा उंबरा, एकेकीने. तिने रागानेच गिरणी सुरू केली. संध्याकाळी गवंड्याने त्या वाळूचा उंबरा ओतला, त्यात हिरवी चमक होती.

शनिवारी बांगड्या भरायला जुन्नरहून अमिरुन्निसा आली. रत्नाच्या लग्नाचा चुडाही तिनेच भरला होता. ती शेडमध्ये चहाला टेकली.

"तू नाय गेलीस आत?"

"न्हाई. तुमी जाता ना, चाची?"

"जाते की. माझे मियाँ जाऊन जमाना झाला, पण मला कोण अडवतंय? आमच्यात कुंकूच नाय, तर पुसायचं काय?" तिने बशी खाली ठेवली आणि रत्नाच्या मोकळ्या मनगटावर थोडा वेळ हात ठेवला. मग पेटी उचलून ती गेली.

समोर सभागृहाच्या दारात बायका जमल्या. रत्ना पातेल्यातलं आधण सोडून बघत राहिली. आता ओलांडतील. मोहिनी तबक घेऊन पुढे झाली, आणि वाकली. नव्या वास्तूत शिरताना आधी उंबऱ्याची पूजा करतात, हे रत्ना रागाच्या भरात विसरूनच गेली होती. मोहिनीने उंबऱ्याला हळद लावली, मग कुंकू. फूल वाहिलं, डोकं टेकवलं. तिच्यामागून दुसरी वाकली, तिसरी वाकली. ज्यांचं मन मोडायचं नव्हतं त्या म्हाताऱ्याही गुडघ्यांवर हात देत वाकल्या. हिरवी चमक लाल होत गेली.

तिला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलं नाही. मागे चहा उतू गेला.

रविवारी ती झाडू आणि बादली घेऊन गेली. रिकाम्या फरशीवर सांडलेले तीळ, अक्षता, फुटाणे होते. मोहिनीने दारातूनच सांगितलं, "उंबराही पुसून घे गं, लई माखलाय," आणि ती पुढे निघून गेली.

रत्नाने सगळं सभागृह झाडलं, पुसलं. शेवटी ओलं फडकं घेऊन उंबऱ्याशी बसली. मग फडकं बाहेर नेऊन पिळलं आणि तारेवर वाळत टाकलं.

उंबऱ्यावर कुंकू तसंच होतं. एकदा पुसलं होतं तेवढं पुरे होतं.