चुलीमागे तीन हजार

झुंबरबाई कळण्याची भाकरी थापत होती. तेवढ्यात भंडाऱ्याची पट्टी गोळा करणारा भाईदास नाना दारात आला.

"तीन हजार काढ, झुंबर. नही तं सरिताना लगनले गावनी भांडी भेटाव नहीत, नि पंगतले कोनी येवाव नही."

शिंदखेड्याकडच्या या गावात देवीच्या भंडाऱ्याची पट्टी चुलीमागे असते, दर चुलीला सारखीच. चाळीस एकर बागायतीचा लीलाधर आबा, त्याची मुलं, सुना, नातवंडं सगळे एका चुलीवर जेवतात. त्यांची पट्टी एक. त्याच्या धाकट्या भावाची विधवा झुंबरबाई लेक सरिताला घेऊन पत्र्याच्या खोलीत राहते, मजुरीला जाते. तिचीही एक. नवरा वारला त्याच साली आबाने तिला वेगळं काढलं. जमिनीचा तुकडा दिला नाही, चूल मात्र वेगळी दिली.

संध्याकाळी देवळापुढे बैठक बसली. वना शिंपी म्हणाला, "जेन्हाकडे पानी शे, तेन्ही जास्त द्या."

आबाचा थोरला हितेंद्र धुळ्यात कर-सल्लागार आहे. त्याची धुळ्यातली चूल गाव मोजत नाही. तो उठला. "जास्त कमावणाऱ्याला जास्त दर ही शिक्षा झाली. सरकारही तीच चूक करतं. फार तर उत्पन्नावर सगळ्यांना एकच टक्का लावा. याला समानता म्हणतात."

"लावा ना," वना म्हणाला. "तुमनं उत्पन्न सांगा पहिले."

लोक हसले. हितेंद्रने चष्मा पुसला. "शेतीचं उत्पन्न मोजणार कोण? त्यापेक्षा चूलच बरी."

मागे बसलेली झुंबरबाई बोलली, "एक टक्काबी सारखा कसा रे, भाऊ? तुन्हा शंभरमाईन पाच गयात तं तुन्हं काय आडस? मन्हा पाच गयात तं घरमा त्येल येत नही."

आबाने तिच्याकडे पाहिलंही नाही. "नाना, तिले सांग, पंचमा बायास्नं काम नही."

पट्टी चुलीमागेच कायम झाली.

झुंबरबाई घरी आली. विस्तवावर तिने पाणी ओतलं, लोखंडी सब्बल घेतली आणि मातीची चूल फोडली. मग सरिताला आणि तिच्या पेटीला घेऊन ती आबाच्या घरी गेली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. जेठाशी, थोरल्या दिराशी, ती आजवर थेट बोलली नव्हती.

"आबा, मन्ही चूल फोडी टाकी. आते पट्टी कसानी? तुमना भाऊनी बायको शे मी. तुमनी चूलवर जेवसू. सरितानं लगनबी याच घरमाईन व्हई. बठ्ठा गावले वाळीत टाकानं व्हई तं या घरले टाकू द्या."

"काकू, असं चालत नाही," हितेंद्र म्हणाला.

"नियम तुमनाच शे. चुली मोज."

आबा बायकोवर खेकसला, "रत्ना, यास्ले भाईर काढ."

रत्नाक्काने परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं. नवऱ्याकडे तिने मान वर करून पाहिलं नाही.

सकाळी आबाने स्वतः भाईदास नानाला बोलावलं. चुलीची रीत जुनी झाली, तो म्हणाला, पट्टी जमिनीवर लावा. ज्याला जमीन नाही त्याला माफी. इतकी वर्षं जे त्याला समजत नव्हतं, ते भावजय एक वेळ जेवायला बसताच समजलं. कारण एका चुलीवर जेवणारी बाई उद्या जमिनीत वाटा मागते, हे त्याला ठाऊक होतं.

"आते तुले माफी शे," नाना झुंबरबाईला म्हणाला. "जाय घर. नवी चूल मांड."

आबाच्या ओसरीवर सरिताच्या हळदीसाठी जागा सारवत झुंबरबाई म्हणाली, "मी घरमाच शे, नाना."