सदतीस नंबरच्या नकाशातला खडक

पलंगावर लोकरी मोज्यांचे सहा जोड, दोन कानटोप्या, पाणी आत न शिरणाऱ्या दोन विजारी आणि उलटीच्या गोळ्यांची तीन पाकिटं मांडली होती, आणि तपासनीस हातात हिरवी पेन्सिल घेऊन पलंगाभोवती फिरत होते. यादी रेघाबाईंनी केली होती. अर्थात यादी त्यांनी करायची आणि तपासायची ह्यांनी. त्या घरातून किराण्याची चिठ्ठीसुद्धा हिरव्या खुणेशिवाय बाहेर पडत नसे.

"हातमोजे किती लिहिलेस?"

"माणशी दोन जोड."

"तुझे तीन लिही. एक तू हरवणारच."

रेघाबाईंनी मुकाट्याने दोनाचे तीन केले. हरवणार असं ते म्हणाले म्हणजे हरवणार, त्यात वाद कसला घालायचा!

दोघंही सागरी नकाशांच्या कचेरीतले. मोजणीची जहाजं समुद्रात फिरून ठिकठिकाणची खोली मोजत, ते आकडे लिहिलेले कागद कचेरीत येत, आणि त्यावरून रेघाबाई नकाशा शाईत उतरवत. हात इतका बारीक की कचेरीने खरं नाव टाकून देऊन त्यांना रेघाबाईच करून टाकलं. नवरा त्याच कचेरीत तपासनीस. पुढे तो कचेरीचा प्रमुख झाला, निवृत्त झाला, जिन्यात त्याचा फोटोही लागला, पण तपासनीस हे नाव सुटलं नाही, आणि खोड तर मुळीच सुटली नाही.

आता बर्फाच्या खंडाला निघालेल्या जहाजावर दोघांची एक खोली ठरली होती. कल्पना तपासनिसांची. "चल, तुला तुझी खाडी दाखवतो," असं एका सकाळी चहा पिताना म्हणाले, आणि रेघाबाईंनी कप खाली ठेवला. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबा किती गं गोड!" गोड तर खरेच, रेघाबाईंनाही तसंच वाटलं होतं.

तुझी खाडी म्हणजे सदतीस नंबरच्या नकाशातली. जगाच्या पार तळाशी, बर्फाच्या कड्यांमधून आत शिरलेली एक अरुंद खाडी. एकतीस वर्षांपूर्वी रेघाबाई आठ महिने त्या खाडीत राहिल्या म्हटलं तरी चालेल, फक्त टेबलावर. तिचा कोपरा न् कोपरा त्यांना तोंडपाठ. पुढच्या मोजणीला जाणाऱ्या जहाजावर नकाशा काढणारं एक माणूस न्यायचं होतं आणि त्यांचं नाव पक्कं झालं होतं. पायाच्या मापाचे बूटसुद्धा आले होते. आणि नेमकी तेव्हाच तपासणीतून चिठ्ठी आली: खाडीच्या तोंडाशी बुडीत खडक, मूळ कागदावर आहे, नकाशात सुटला आहे, टाकावा.

कचेरीची रीत अशी, की नकाशा टेबलावरून उठला की मूळ कागद सीलबंद होऊन तपासनिसाच्या कपाटात जायचा. काढणाऱ्याच्या हाती यायची ती नुसती दुरुस्तीची चिठ्ठी. तिच्यात असेल ते शाईत उतरवायचं. कागद पुन्हा दाखवा म्हणायचं नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे तपासनिसाला खोटं पाडणं. रेघाबाईंनी म्हटलं नाही. स्वतःच्या हाताने त्यांनी बुडीत खडकाची फुली काढली आणि तिच्याभोवती ठिपक्यांचं कडं घातलं. खडक सोडणं म्हणजे एखाद्या दिवशी माणसांसकट जहाज बुडवणं. असली चूक करणाऱ्या बाईला मोहिमेवर कोण नेणार? नाव कापलं गेलं. शेजारच्या टेबलावरचा गेला, आणि परत आल्यावर त्याने कचेरीत पडद्यावर फोटो दाखवले. रेघाबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्याही वाजवल्या बिचारीने.

त्या दिवसांत सगळी कचेरी तोंड फिरवून होती. जवळ येऊन बसला तो एकटा तपासनीस. "होतं असं माणसाच्या हातून," तो म्हणायचा. वर्षाच्या आत लग्न झालं. माझी एवढी मोठी चूक ह्यांनी पोटात घातली, हे रेघाबाई आजतागायत सगळ्यांना सांगत आल्या. मात्र डोळ्यांवरचा भरवसा गेला तो गेलाच. गॅस बंद केला की चारदा बघायचा, कुलूप लावलं की जिना उतरून पुन्हा चढायचा. घरात सगळे त्यांना धांदरट म्हणत आणि त्या हसत.

जहाज सुटायला सात आठवडे उरले तेव्हा प्रवासकचेरीतून मार्ग आला. कुठल्या दिवशी कुठे, रबरी होड्यांतून किनाऱ्यावर किती माणसं, बूट कसे धुवायचे, सगळं होतं. खाडी तेवढी नव्हती. जहाज तिच्या तोंडावरून सरळ पुढे जात होतं. रेघाबाईंनी जहाजाच्या मोहीमप्रमुखाला पत्र लिहिलं, तेही तपासनिसांना न दाखवता, कारण ते तेव्हा डॉक्टरकडे तपासणीच्या रांगेत बसले होते. जहाजावर चढायचं तर प्रत्येकाचा डॉक्टरी दाखला लागत होता.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. तेव्हाही तपासनीस घरात नव्हते, दाखले आणायला गेले होते. मोहीमप्रमुखाने लिहिलं होतं: खाडी सुंदर आहे असं ऐकतो, पण तुमच्याच कचेरीच्या नकाशात तोंडाशी बुडीत खडक आहे, म्हणून कुठलाच कप्तान आत जात नाही. गंमत अशी की मोजणीचे जुने मूळ कागद आता सगळ्यांना बघता येतात, आणि मूळ कागदावर खडक कुठेच नाही. तो समुद्रात कुणी पाहिलेला नसून कचेरीतच नकाशात शिरला असेल, आणि तसं तुमची कचेरी लेखी देईल, तर कप्तान पुढे छोटी होडी घालून, खोली मोजून आत जायला तयार आहे. कागद सोबत जोडला आहे.

रेघाबाईंनी संगणकाच्या पडद्यावर कागद उघडला. मोठा केला, आणखी मोठा केला. खाडीच्या तोंडाशी सतरा, एकोणीस, बावीस असे आकडे होते. फुली नव्हती. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आणि तरीही त्यांना स्वतःचं खरं वाटेना! त्या तशाच उठल्या आणि खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या शेजारणीला हाताला धरून वर घेऊन आल्या.

"इथे काय दिसतं, सांग."

"आकडे दिसतात."

"फुली? फुली दिसते का कुठे? नीट बघ."

"नाही हो. नुसते आकडेच आहेत. का, काय झालं? अहो, बसा आधी, तुम्ही पडाल."

शेजारीण पाणी देऊन गेली. ते पाणी तसंच राहिलं.

तपासनीस दाखले घेऊन आले ते खुशीत. "रक्तदाब बघ, तरुणाला लाजवेल," म्हणत त्यांनी दोघांचे दाखले टेबलावर ठेवले आणि पडद्याकडे त्यांची नजर गेली. कागद ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"हा तुमच्या कपाटात होता," रेघाबाई म्हणाल्या. "खडक कुठून आला?"

तपासनिसांनी खुर्ची ओढली, बसले, बुटाच्या नाड्या सोडल्या. थापसुद्धा मारावीशी वाटली नाही त्यांना, इतके ते निर्धास्त होते.

"तू पाच महिने जाणार होतीस," ते म्हणाले. "परत येऊन मला ओळख तरी दाखवली असतीस का? तेव्हा तू माझ्याकडे मान वर करून बघतही नव्हतीस. मला तू हवी होतीस. एवढंच झालं."

"एवढंच?"

"अगं, एका फुलीने कुणाचं काय बिघडलं? जहाजं चार हात लांब राहिली, उलट सुखरूप राहिली. आणि आपलं वाईट झालं का? संसार झाला, लेक झाली. आता तर मीच तुला घेऊन चाललोय."

"मी आयुष्यभर स्वतःला आंधळी समजत आले," रेघाबाई म्हणाल्या. "गॅसपाशी चार-चारदा जात होते. तुम्ही बघत होतात! बघत होतात आणि माझे हातमोजे मोजत होतात! मी हवी होते तर येऊन विचारायचं होतं. हो म्हटलं असतं, नाही म्हटलं असतं, पण माझे डोळे माझे राहिले असते."

तपासनिसांनी मान खाली घालून मोजे काढले. शरमेने मान घातली असं कुणाला वाटेल, पण तसं काही नव्हतं. ते वाट बघत होते, बाईमाणूस रडून मोकळं होईल म्हणून. रेघाबाई रडल्या नाहीत.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "खडक मी टाकला, खोटा टाकला, असं कचेरीला लिहून द्या. मला खाडी बघायची आहे."

"बघू," तपासनीस म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरंच पत्र टाइप करून आणलं. भाषा कचेरीची, स्वच्छ. सदतीस नंबरच्या नकाशात खाडीच्या तोंडाशी दाखवलेला बुडीत खडक हा नकाशा काढणाऱ्या व्यक्तीच्या नजरचुकीने पडला असून मूळ मोजणीत तो नाही. खाली दोन सह्यांच्या जागा. चूक लक्षात आणून देणारा म्हणून तपासनिसांची सही झालेलीसुद्धा होती. दुसरी जागा रिकामी होती.

रेघाबाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"हे माझ्यावर?"

"मग काय माझ्यावर? जिन्यात फोटो आहे माझा. आजचा प्रमुख माझ्या हाताखाली शिकलाय. तुझं नाव तिथे कुणाच्या लक्षात आहे? आणि ज्यांच्या लक्षात आहे त्यांना तुझी चूक माहीतच आहे, त्यात आणखी एक."

"मी खरं ते लिहून पाठवलं तर?"

"पाठव की. मी नाही म्हणेन. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या कचेरी दहा वर्षांनी फाडून टाकते, हे तुलाही ठाऊक आहे. मग चौकशी बसेल, कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईल, दोन वर्षं सहज. जहाज तोवर थांबणार आहे का? तुला खाडी हवी आहे ना? मग कर सही." आणि वर समजुतीच्या सुरात, "माझ्यापुरतं म्हणशील तर मी कधी तुला दोष दिलाय का?"

असल्या माणसाला काय म्हणावं! रेघाबाईंच्या तोंडाशी शिव्या आल्या. आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या, म्हणून कुठली आधी द्यायची ते सुचेना. त्या पत्र घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून बसल्या. खरं लिहिलं तर खाडी जाणार. खोटं लिहिलं तर मिळणार, पण ज्या फुलीने एकदा घरी बसवलं तीच दुसऱ्यांदा अंगावर घेऊन. गुडघे आत्ताच कुरकुरत होते. दोन वर्षांनी होडीत चढता येईल की नाही, देव जाणे. दुपारपर्यंत त्या तशाच बसल्या. मग त्यांनी सही केली, त्याच बारीक हाताने, आणि पत्र स्वतः टपालात टाकलं.

त्यानंतर घर पूर्वीसारखं चालू लागलं. तपासनीस बॅग भरत होते, खुणा करत होते. प्रकरण मिटलं असं त्यांनी धरलं होतं. रेघाबाई विचारलेल्याचं उत्तर देत, जास्त नाही, कमी नाही.

तीन आठवड्यांनी प्रवासकचेरीतून फोन आला आणि त्या डॉक्टरी दाखले घेऊन निघाल्या, कारण दाखले द्यायचा तो शेवटचा दिवस होता. काउंटरवरची मुलगी त्यांना बघून उठूनच उभी राहिली.

"मॅडम, खाडी मिळाली! तुमच्या कचेरीने पत्र मान्य केलं, कप्तान हो म्हणाला. सहाव्या दिवशी सकाळी आत जायचं." आणि मग डोळे मोठे करून, "मोहीमप्रमुखांनी सगळ्या प्रवाशांना कळवलंय, की नकाशातली आपली चूक एका बाईंनी इतक्या वर्षांनी स्वतःहून कबूल केली म्हणून हे होतंय. किती मोठं मन आहे हो तुमचं!"

रेघाबाईंनी पर्स काउंटरवर ठेवली. म्हणजे शंभर माणसं त्या खाडीत उभी राहून त्यांच्या चुकीकडे कौतुकाने बघणार होती. खाडी आपली झाली, आणि आनंद म्हणून काही होईना.

"दाखले आणलेत ना?" मुलीने हात पुढे केला.

पाकिटात दोन दाखले होते. रेघाबाईंनी एक काढून काउंटरवर ठेवला आणि दुसरा आतच राहू देऊन पाकीट पर्समध्ये घातलं.

"साहेबांचा?"

"ते येणार नाहीत."

"अगंबाई! तब्येत बरी नाही का?"

"ठणठणीत आहे."

मुलगी गोंधळली. "मॅडम, आज दाखला आला नाही तर साहेबांची जागा जाते. आणि मग तुमच्या खोलीत दुसरी एखादी एकटी बाई येईल. कोण असेल ते सांगता येत नाही. घोरत असली तर?"

"घोरू दे."

मुलीने काहीतरी टाइप केलं, थांबली, इकडे तिकडे पाहून आवाज खाली आणला. "पण साहेबांना हे माहीत आहे का?"

"मला कळायला एकतीस वर्षं लागली," रेघाबाई म्हणाल्या. "त्यांना आज जेवताना सांगते."