ओरखडा नसलेलं कुलूप

कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर निघायच्या आधीच लेकीचं व्याख्यान सुरू झालं. अनोळखी माणसाने पाठवलेलं काही उघडायचं नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला फोनवर काही सांगायचं नाही. बक्षीस लागलंय म्हणून कोणी नाचायला लागलं, तर आपण नाचायचं नाही.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. कान शाबूत आहेत माझे."

खरं तर हे मला शिकवायची गरज नव्हती. नवरा गेल्यापासून त्याचं चाव्यांचं दुकान मीच चालवते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. लेक लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे गेली, तरी रविवारी हजर असते. कुलूप म्हणजे काय आणि चोर म्हणजे काय, हे मी कानस चालवून शिकले आहे. म्हणून तिने ठेवलेल्या पासवर्डचं मला कौतुकच वाटलं. असला वाकडातिकडा, की पाठ करताना घाम फुटला. तिने कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, व्हायरस अडवणारं काहीतरी बसवलं, मला मेल उघडून दिली आणि म्हणाली, "आता यात तुझ्याशिवाय कोणी शिरणार नाही."

त्या मेलवर एक दिवस परगावचे एक घड्याळवाले आले. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या जुन्या लंबकाच्या घड्याळाची चावी हरवली होती. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. त्यांनी मापं पाठवली, मी चावी घासून पोस्टाने धाडली. बसत नाही म्हणाले, तेव्हा मी लिहिलं, "यंत्र जुनं आहे, जबरदस्ती करू नका. तेल सोडा आणि वाट बघा." दोन दिवसांनी चावी बसली. काम तिथेच संपायचं, पण संपलं नाही. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते लिहायचे, मी लिहायचे. ते मला चावीवाल्या बाई म्हणायचे. फोन आम्ही कधी केला नाही, लिहिण्यातच गोडी होती. मग त्यांनी विचारलं, रविवारी येऊन भेटलं तर चालेल का? पुढचं आयुष्य एकट्याने काढायचं की नाही, ते समोरासमोर बोलू. मी हो म्हटलं. माझ्या वयाला शोभेल एवढीच खुशीत होते, असं मला वाटत होतं. लेकीने पहिल्याच फटक्यात ओळखलं.

"अशीच असतात ही माणसं," ती म्हणाली. "गोड बोलतात आणि गळ्यात पडतात."

रविवारी मी नवे कपडे घालून दुकानात बसले. लेक नेहमीच्या रविवारसारखी आली. तिच्या साहेबाच्या नकला करकरून तिने मला पोट धरून हसवलं. घड्याळवाले काही आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही, त्यांचं लिहिणंसुद्धा थांबलं. "मी सांगितलं होतं ना," म्हणून लेकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी त्या माणसाच्या नावाने मनातल्या मनात भरपूर खडे फोडले.

तरी राग पुरता उतरेना. एका दुपारी मी त्यांना लिहायला बसले. आधी शिव्या लिहिल्या, मग खोडल्या. मग लिहिलं, तुम्हाला यायचं नसेल तर मी येते, दुकान विकून तुमच्या गावात गाळा बघते. लिहून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पाठ फिरवलेल्या माणसाच्या इतकं पाया पडायचं? मी ते पाठवलं नाही. तसंच अर्धवट सोडून एका गिऱ्हाइकाचं कपाट उघडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक धापा टाकत दुकानात आली. "आई, दुकान विकायचं तुझ्या डोक्यात तरी कसं आलं?"

मी कानस खाली ठेवली. चोरी झाली की लोक कुलूप घेऊन माझ्याकडे येतात. मी आधी ओरखडा बघते. ओरखडा नसला तर एवढंच विचारते, घरात आणखी कोणाकडे चावी आहे? ते ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. आज माझा उतरला.

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच नाही का परवा..."

"मी कोणालाच बोलले नाही. फक्त लिहिलं. आणि पाठवलंही नाही."

ती स्टुलावर बसली. "पासवर्ड मीच ठेवला होता ना. तुझी मेल माझ्या मोबाईलवर दिसते, अर्धवट लिहिलेलीसुद्धा. तू भोळी आहेस गं, काळजी वाटते."

"आणि घड्याळवाले आले नाहीत, ते?"

"मी लिहिलं त्यांना. तुझ्या नावाने. येऊ नका, उत्तर देऊ नका म्हणून. मग त्यांची मेल तुला येणं बंद करून टाकलं." आणि एकदम आवाज चढवून म्हणाली, "कोण कुठला माणूस! फसवलं असतं तर तुला?"

"फसवलंच ना. त्याने नाही."

घड्याळवाल्यांच्या प्रत्येक मेलखाली दुकानाचा नंबर असायचा. मी तिच्यासमोरच फोन लावला.

"आलो होतो की," ते म्हणाले. आवाज मला वाटला होता त्याहून बारीक होता. "तुमचं पत्र मिळालं होतं, पण तिकीट काढून झालं होतं. म्हटलं, लांबून तरी बघू. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. तुम्ही मुलीबरोबर इतक्या हसत होता. म्हटलं, सुखात आहेत, आपण कशाला मध्ये पडा."

"ते पत्र माझं नव्हतं."

"पण बोलणं तुमचंच होतं, बाई. 'माझंही यंत्र आता जुनं झालंय, जबरदस्ती करू नका.' असं दुसरं कोण लिहिणार?"

मी लेकीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. माझ्या तोंडचं ते वाक्य तिने लहानपणापासून ऐकलं होतं. माझेच शब्द उचलून तिने त्या माणसाला माझ्या दारातून परत पाठवलं होतं, आणि मी बसले होते हसत.

"या रविवारी या," मी म्हटलं.

"रागावू नका, पण हे तरी तुम्हीच बोलताय, हे मी कशावरून धरू?"

"बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

लेक डोळे पुसत उठली. "येते मी."

"घराची चावी ठेवून जा."

तिने जुडग्यातून चावी काढली. ती एकटी शाळेत जायला लागली तेव्हा मी करून दिलेली, दोरीत ओवून गळ्यात घालायची. ती तिने काउंटरवर ठेवली.

"मग आता मी आले की?"

"बेल वाजव. असले तर उघडेन."

ती गेल्यावर मी चावी हातात घेतली. तिच्या गळ्याला टोचू नये म्हणून मी तेव्हा कडा घासून घासून गोल केल्या होत्या. बोट फिरवून पाहिलं, अजून कुठेच टोचत नव्हती.