गार इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे, कोळशाची. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्या जातीची इस्त्री पाहिलीही नसेल. मला वायर नाही, बटण नाही, दिवा नाही. माझ्या पोकळ पोटात पेटते निखारे घालायचे, वरून झाकण लावायचं आणि लाकडी मूठ धरून मला कपड्यावर फिरवायचं. झाकणाच्या खिट्टीवर पितळेचा एक कोंबडा आहे. त्याचा तुरा कधीच झिजून गेला, पण ऐट तेवढी शिल्लक आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं आणि माझा तळ घासून घासून गुळगुळीत केला. मग बरेच दिवस मी दुकानात धूळ खात पडले होते. शेवटी एका तरुण इस्त्रीवाल्याने मला उचललं, दोनदा हवेत तोलून पाहिलं आणि आपल्या कामाच्या जागी आणलं. ही जागा म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालचा कोपरा. तिथे एक टेबल, त्यावर घडी घातलेली घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, आणि मागे एक पडदा. पडद्यापलीकडच्या खोलीत त्याचा संसार होता.

त्याच्या हाताची इस्त्री इतकी कडक असायची की गल्लीने त्याचं नावच कडककाका ठेवलं. स्वभाव मात्र लोण्याहून मऊ. गल्लीतली मांजर नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांच्या चळतीवर खुशाल ताणून द्यायची, आणि काका तिला उठवण्याऐवजी उरलेले कपडे दुसरीकडे रचायचे. मी किती तापले आहे हे बघायची त्यांची एक रीत होती. ते मला उचलून उजव्या गालाजवळ आणायचे, क्षणभर थांबायचे आणि मान हलवायचे. मान हलली की मी शर्टावर उतरायची. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही कपडा करपला नाही.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती टेबलाखाली गाठोड्यांवर बसून अभ्यास करायची. तिला नर्स व्हायचं होतं. काका म्हणायचे, ज्या दिवशी तू कामावर जाशील त्या दिवशीचा गणवेश मी करणार, तुझ्या आईलाही हात लावू देणार नाही. काकू हसून म्हणायच्या, लावतंय कोण हात.

पुढे एका सकाळी शर्टाची बाही करताना काकांच्या हातातून मी निसटले. मला वाटलं, मुठीला घाम आला असेल. पण काका टेबलाला धरून खाली बसत गेले, आणि त्यांना उठताच येईना. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. बोलताना त्यांचा एकेक शब्द अडखळत यायचा.

काकूंनी तोवर मला कधी हातात धरलं नव्हतं. त्या गाठोडी बांधायच्या, घरोघर पोचवायच्या. आता त्यांनी पदर खोचला आणि मला उचललं. मित्रांनो, मी काही हलकी नाही. पहिल्या आठवड्यात त्यांचं मनगट सुजलं. हातावर माझ्या कडेचे चटके बसले, त्यांचे डाग अजून आहेत. कॉलरी नीट होईनात, गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली, एकदोन तर तोंडावर बोलली. काकू ऐकून घ्यायच्या, पडद्याआड जाऊन डोळे पुसायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताला रोज काम द्या. काकूंना दुसरं काय सुचणार? त्यांनी काकांना टेबलाशी बसवलं, त्यांची बोटं माझ्या मुठीभोवती वळवली आणि मला गारच त्यांच्या हातात दिलं. काका चिडले. गार इस्त्रीने कपडे होतात का, असं तुटक तुटक म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. दोन दिवस जेवणावरही राग.

मग काकूंनी एक युक्ती केली. त्या माझ्या पोटात राख भरायच्या आणि वर एखादा विझत आलेला निखारा ठेवायच्या, नुसता दिसण्यापुरता. काका सवयीने, डाव्या हाताचा आधार देत, मला उजव्या गालाजवळ आणायचे आणि मान हलवायचे. पण त्यांचा उजवा गालही बधिर झाला होता, आणि हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. काकूंच्या आलं होतं. उशांचे अभ्रे ओलसर असतानाच त्या हाताने ताणून ठेवायच्या, म्हणजे माझ्या गार तळाखाली ते बऱ्यापैकी सपाट दिसायचे. काका घामाघूम होऊन मला पुढे ढकलायचे, मागे ओढायचे. दुपारी त्यांचा डोळा लागला की काकू मला खरोखर तापवायच्या आणि तेच अभ्रे पुन्हा करायच्या. उठल्यावर काका चळतीकडे बघायचे, कडक घडीवरून डावा हात फिरवायचे आणि म्हणायचे, जमतंय. काकू म्हणायच्या, जमतंय तर काय, गिऱ्हाइकं विचारतात, अभ्रे कुणी केले म्हणून.

हे पुष्कळ दिवस चाललं. काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. मला मात्र धास्ती वाटायची, कारण मला बोलता येत नाही आणि ते मला हळूहळू जुन्याच विश्वासाने धरायला लागले होते.

मुलगी नर्स झाली. तिला दोन पांढरे गणवेश मिळाले. कामाच्या पहिल्या दिवशी काकू सकाळीच गाठोडी पोचवायला गेल्या होत्या. लवकर येऊन गणवेश करू, असा त्यांचा बेत होता. मुलगी आत केस विंचरत होती. काका पाय ओढत टेबलाशी आले. शेगडी पेटलेली होती. डाव्या हाताने चिमट्यात धरून त्यांनी एकेक निखारा माझ्या पोटात घातला. जसे वर्षानुवर्षं घालायचे तसेच, भरपूर. डाव्या हाताच्या आधाराने मला उजव्या गालाजवळ नेलं आणि मान हलवली.

आधी समोरची बाजू झाली. मग बाह्या झाल्या. खरं सांगते, इतकी सुंदर इस्त्री त्या टेबलावर काकूंच्याही हातून झाली नव्हती. काकांचा श्वास जोरात चालला होता आणि तोंडावर हसू होतं. मग त्यांनी गणवेशाची पाठ पसरली. मधोमध आले आणि हात थांबला. पुढे जाईना, वर उचलेना. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ओढलं, तर मी आणखीच दाबली गेले. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. माझ्याखालचं कापड पिवळं झालं, मग तपकिरी, मग धूर आला. मला बाजूला होता येत नव्हतं. इस्त्रीच्या जन्माला आल्याचं इतकं दुःख मला कधी झालं नाही.

वासाने मुलगी धावत आली आणि तिने मला उचललं. गणवेशाच्या पाठीवर माझ्या आकाराचा डाग पडला होता. तिने आधी बापाचा हात उलटसुलट करून भाजला तर नाही ना ते पाहिलं.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी टेबलाकडे बघितलं आणि करपलेला गणवेश हातात घेतला. आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला रोज गार इस्त्री देत होते. तुम्ही निजलात की सगळं पुन्हा करत होते."

काकांनी अभ्र्यांच्या चळतीकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी रडत रडतच दुसरा गणवेश केला, त्याच निखाऱ्यांवर. मुलगी तो घालून बापापाशी आली, वाकली आणि "बाबा, येते" म्हणाली. काकांनी मान वळवली नाही. उशीर होईल म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला पोत्यांमागे लपवून ठेवलं. सगळे कपडे मुलीच्या मैत्रिणीकडून मागून आणलेल्या विजेच्या इस्त्रीने करायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. पण रोजच्या वेळेला काका पाय ओढत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

"दे."

काकू घाबरल्या. निखारे घालू का, असं त्यांनी विचारलं. काकांनी मान हलवून नको म्हटलं.

"गारच... दे," काका म्हणाले. "मग... तू... गरम कर."

काकूंनी मला आणून त्यांच्या हाताखाली ठेवलं. त्यांची बोटं माझ्या मुठीभोवती वळवली. मी गार आहे, माझ्याने एक सुरकुती जाणार नाही, हे आता आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी काकांनी मला पुढे ढकललं. त्या दिवसापासून रोज आधी ते करायचे, मग त्यांच्यादेखत काकू करायच्या. संध्याकाळी मुलगी घरी आली की आपला गणवेशही त्यांच्यापुढे ठेवायची, आणि काका त्यावर मला तितक्याच निगुतीने फिरवायचे.

तुम्हाला वाटेल, त्यांचा हात शेवटी बरा झाला असेल. नाही झाला, मित्रांनो. पुढच्या थंडीत एका सकाळी अभ्रा करता करता काका खुर्चीतच गेले. काकूंना वाटलं, दमून थांबले आहेत. त्यांची बोटं माझ्या मुठीवरून काकूंनीच एकेक करून सोडवली. तो अभ्रा कुणा गिऱ्हाइकाचा होता. चार दिवसांनी काकूंनी तो इस्त्री करून पोचवला, कारण कपडा अडवून ठेवलेला काकांना चालला नसता. परतल्यावर त्या टेबलाशी बसून खूप रडल्या, आणि मग पुढचं गाठोडं सोडलं.

आता मी टेबलाखाली असते. परवा एक भंगारवाला आला होता. हिचं काय करता, देऊन टाका, म्हणाला. काकू म्हणाल्या, ती कामात आहे. त्या अजूनही रोज सकाळी पहिल्या अभ्र्यावर मला एकदा गारच फिरवतात, आणि मग मुलीने घेऊन दिलेली विजेची इस्त्री लावतात.

तेव्हा मला सांभाळा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मला सांभाळणारी आहे. पण तुमच्याही घरात कुणी थरथरत्या हाताने, चुकतमाकत, तुमच्या दृष्टीने बिनकामाचं काही करत बसलं असेल, तर ते त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. त्यांची खोटी समजूतही घालू नका, मित्रांनो. गार इस्त्री गार म्हणूनच द्या. ते घेतील.