फुरशाच्या विषातला एक भाग

सरजाबाईने तव्यावरची पोळी उलटली आणि मान न वळवताच म्हटलं,

"बोल की. ऐकायलेय मी."

लुंबिनीने लॅपटॉप पिठाच्या डब्यावर टेकवला. उद्या नांदेडला विद्यापीठात तिला सापाच्या विषावरचं आपलं संशोधन मांडायचं होतं. त्याआधी ते कुणापुढे तरी बोलून पाहायचं होतं. लातूरच्या या दोन खोल्यांत आई कोचिंगच्या चाळीस मुलींचे डबे करायची. त्याच डब्यांवर लुंबिनी शिकली होती.

"हे फुरशाच्या विषातलं प्रथिन. याचे वेगवेगळे भाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. हा कापणारा, रक्तवाहिनीची भिंत कापतो. आणि हा शेजारचा, माझ्या अभ्यासाचा. हा स्वतः काही कापत नाही. कुठं कापायचं ती जागा धरून ठेवतो."

"मंग?"

"मग रक्त आतल्या आत झिरपतं. गोठायचंही थांबतं. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं."

लाटणं थांबलं.

"तुझ्या बापाचं तसंच झालं व्हतं," सरजाबाई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी चूळ भरली तर समदी लाल."

लुंबिनीला ठाऊक होतं ते इतकंच : त्र्याण्णवच्या भूकंपात माळवद कोसळलं, तिच्या बापाच्या, निवृत्तीच्या, पोटावर तुळई पडली आणि तो गेला. ती तेव्हा दोन वर्षांची होती.

"हात सुजला होता का बाबांचा?"

"उजवा. कोपरापस्तोर. दगडात हात घालून तुला वडत व्हता. काटा टोचला म्हनला."

पडद्यावरची रंगीत आकृती संथपणे फिरत होती. लुंबिनीने लॅपटॉप मिटला.

"त्याच्यावर औषध असतंय का गं?"

"आता आहे. तेव्हा नव्हतं, माय," खरं ठाऊक असूनही लुंबिनी म्हणाली.

पोळी करपली. सरजाबाईने ती काढून बाजूला ठेवली.

"व्हतं," ती म्हणाली. "छावणीतल्या डॉक्टरनं सांगितलं. पयल्याच दिवशी आनलं असतं तर वाचला असता, म्हनला."



"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तुला काढताना चावलं म्हनून?" सरजाबाईने नवा गोळा हातात घेतला, पण लाटला नाही. "तुला काढल्यावर त्यो बसलाच व्हता खाली. हात लई दुखतोय म्हनला. मीच म्हनलं, माझ्या आक्काच्या पोरी अजून ढिगाऱ्यात हायत, उठा. उठला. दोन दिस दगडं उचलत व्हता."

"सापडल्या?"

"सापडल्या. त्याच्याच शेजारी जाळल्या."

जिन्यावर चपला वाजल्या. दारात पहिली मुलगी रिकामा डबा पुढे करून उभी राहिली. सरजाबाईने पदराने हात पुसले.

"आज टेस्ट हाय ना गं तुझी? भाजी जास्त घालू?"