दिवेलागणीची डहाळी

चैत्राचं ऊन कृष्णाकाठावर उतरतं ते आधी उसाच्या शेंड्यांवर, मग कौलांवर, आणि मग सावकाश, घरच्या माणसासारखं, परसदारी. पिवळं, पारदर्शक, नुकत्याच कढवलेल्या तुपाच्या रंगाचं ऊन. त्या उन्हात चिंच पालवते, कडुनिंब मोहरतो, पिंपळाची ताम्रकोमल पानं वाऱ्यावाचूनच थरथरतात. साऱ्या गावावर हिरवं उधाण येतं. शालन पिसाळांच्या परसात मात्र यंदा एक झाड उघडंच उभं होतं.

झाड कढीलिंबाचं. गावाच्या तोंडी कढीपत्ता.

सव्वीस वर्षांपूर्वी शालन लग्न होऊन या घरी आली, ती एकटी आली नव्हती. रुखवताच्या टेबलावर लाडवांची ताटं होती, लोकरीची तोरणं होती, मण्यांचे हंस होते, आणि सगळ्यांच्या शेवटी एका पत्र्याच्या डब्यात वीतभर उंचीचं रोप होतं. तिच्या माहेरची ही रीत. लेक सासरी निघाली की परसातल्या कढीलिंबाच्या मुळाला फुटलेलं एक पिलू तिच्यासोबत जायचं. आजीचं आईला आलं, आईचं शालनला. सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ‘भांडी कमी पडली म्हणून पाला दिलाय,’ असंही कुणीसं म्हणालं. शालननं ते ऐकलं आणि पाल्याला पाणी घातलं.

पुढं भावांच्या वाटण्या झाल्या, माहेरचं घर विकलं गेलं. तिथं आता ट्रॅक्टरच्या टायरांचं दुकान आहे, आणि जिथं कढीलिंब होता तिथं पंक्चर काढतात. शालनचं माहेर म्हणावं असं या पृथ्वीवर जे काही उरलं होतं, ते इथं परसातल्या फरशीत सोडलेल्या दोन हात चौकोनी आळ्यात उभं होतं. म्हणून त्या झाडाच्या बाबतीत ती जरा वेडीच होती, आणि हे तिलाही कबूल होतं.

तिचे नियम ठरलेले. पान ओरबाडायचं नाही. डहाळी देठापासून मोडायची, म्हणजे तिथून दोन फुटतात. फुलोरा आला की खुडायचा, नाहीतर झाडाचं सगळं ध्यान फळांत जातं. मुळाला पिलं फुटली की खुरप्यानं काढून टाकायची, कारण थोरल्याच्या तोंडचा घास ती खातात. लेकीचं, स्वरूपाचं, लग्न ठरलं की त्या वर्षी तेवढं एक राखायचं. दर गुरुवारी तांब्याभर आंबट ताक, बिनमिठाचं. आणि दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही. तेव्हा झाड झोपतं.

अशा लाडानं ते झाड वाढलं. काजळहिरवं, घनगंधी, छपराला टेकलेलं. सकाळी पिसाळांच्या घरात तेल तापायचं, मोहरी उडायची, हिंगाची चिमूट पडायची, आणि मग ओल्या डहाळीचा तो चर्र आवाज व्हायचा. गल्लीतून जाणारा माणूस क्षणभर थांबायचा आणि आपल्या घरी काय शिजतंय याचा विचार करत पुढं जायचा.

त्या दिवेलागणीच्या नियमावरूनच तिचं शेजारच्या रत्नाक्काशी वाजलं. रत्नाक्का कुंभार, शालनपेक्षा पंधरा वर्षांनी थोरली, भिंतीपलीकडे एकटी राहणारी विधवा बाई. नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिच्याकडे अवचित पाहुणे आले. कढी चुलीवर होती, घरात पाला नव्हता, म्हणून तिनं भिंतीवर झुकलेल्या फांदीच्या दोन डहाळ्या मोडल्या. शालन तेव्हा तुळशीपुढं दिवा लावत होती.

“दिवेलागणीला झाडाला हात लावतात व्हय, आक्का? आणि ज्याचं झाड त्याला विचारायची पद्धत हाय का न्हाई?”

घरात पाहुणे ऐकत होते. रत्नाक्कानं त्या दोन डहाळ्या भिंतीवर ठेवल्या आणि ती आत गेली.

तेव्हापासून अबोला. रत्नाक्का बाजारातून कढीपत्त्याची जुडी आणायची ती पिशवीच्या तोंडाशी, मुद्दाम दिसेल अशी. शालन ती बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. आपण जास्त बोललो हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि भिंतीपलीकडे जाऊन तसं म्हणणं वेगळं. नऊ वर्षं दोघींनी हे व्रत मनोभावे पाळलं.

माघात स्वरूपाचा साखरपुडा झाला. शालनची एकुलती एक लेक ती. मांडव दारात, जिलबी आणि मठ्ठ्याची पंगत. नवऱ्या मुलाकडची एक गाडी आलीच नाही, आणि मठ्ठ्याची दोन पिंपं उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मठ्ठा आंबून फसफसला.

“वहिनी, हे कुठं ओतू?” भांडी न्यायला आलेल्या आचाऱ्यानं विचारलं.

अन्न गटारात घालणं शालनच्या जिवावर येई. आंबट ताक म्हणजे कढीलिंबाचं अमृत, हे तर तिच्या हाडीमाशी मुरलेलं. तीन दिवसांची दमलेली, पायांत गोळे आलेली, लेकीच्या सुखानं तरंगणारी ती बाई म्हणाली, “झाडाला घाला की.” आचाऱ्यानं मठ्ठ्यात जाडं मीठ ओंजळीनं घातलेलं होतं, ते तिच्या ध्यानातच आलं नाही. सव्वीस वर्षं ज्या हातानं ताकात मिठाचा खडा पडू दिला नाही, त्याच हातानं तिनं दुसरं पिंप स्वतः कलतं केलं. पिंपाचं धुवणसुद्धा वाया जाऊ दिलं नाही.

पानं पिवळी पडली, गळली. थंडीत ती दर साली गळतातच, म्हणून शालननं ती झाडून कोपऱ्यात लोटली. फाल्गुन गेला. चैत्र आला, भोवती सगळं पालवलं, आणि हे झाड गप्पच. यंदा राखायचं म्हणून ती मुळाशी पिलू शोधत होती, तेही फुटलं नव्हतं. मग एका सकाळी तिनं नखानं साल खरवडली. आत हिरवं दिसायला हवं होतं. तपकिरी दिसलं. तिनं खाली खरवडलं, आणखी खाली, थेट मुळापर्यंत. आळ्याच्या कडेला मातीवर पांढुरकी खपली धरली होती. ती तिनं बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

खारट.

ती तिथंच फरशीवर बसली. आईचं झाड आपण आपल्या हातानं मारलं, हे वाक्य तिनं मनात एकदा म्हटलं. लग्न वैशाखातलं. पंधरा दिवस उरलेले.

“अगं, नर्सरीत मिळतं की,” हणमंतराव म्हणाले. नवरा भला माणूस. बाजारात जे मिळतं ते हरवत नाही, असा त्याचा साधा हिशेब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळ्या पिशवीतलं तजेलदार रोप आलं. शालननं एक पान चुरगाळलं. वास होता. पण तो परका होता, कुठल्याही दाराशी उभा राहील असा. तरी तिनं माळ्यावरचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि ते रोप त्यात लावलं.

“आई, हे आपलंच ना?” स्वरूपानं विचारलं. मूळ झाड उशिरा फुटेल, असंच तिला वाटत होतं. लहानपणापासून ती या डब्याची वाट बघत आली होती.

“व्हय,” शालन म्हणाली.

त्या एका शब्दानं तिच्या तोंडची चव गेली. जेवण गोड लागेना, बांगड्यांची निवड मनाला येईना, मुहूर्तमेढीच्या गाण्यात आवाज लागेना. लेकीशी खोटं बोलून तिला सासरी धाडायची, याची तिला लाज वाटत होती, आणि खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं.

अक्षत द्यायची वेळ आली. खरं तर सख्ख्या शेजाऱ्याला पहिली अक्षत. शालननं सगळं गाव केलं, वरची आळी केली, मळ्यातली घरं केली, आणि पहिलं घर शेवटी उरलं. एका संध्याकाळी, पश्चिमेला कुंकवाचं पाणी सांडल्यासारखं आभाळ असताना, तिनं पदर नीट केला आणि नऊ वर्षांनी रत्नाक्काच्या परसाची कडी काढली.

धुण्याच्या दगडामागे, दोघींच्या भिंतीला चिकटून, तिच्या मानेइतका उंच कढीलिंब उभा होता. नवपल्लवित, पोपटी, संध्येच्या तांबूस उजेडात निथळणारा. भिंत उंच, दगडाआडची ती जागा तिच्या परसातून कधी दिसली नव्हती. शालननं जवळ जाऊन एक पान चुरगाळलं. तो वास तिच्या ओळखीचा होता. आईच्या पदराला यायचा, तोच.

रत्नाक्का दारात येऊन उभी होती.

“तुझंच हाय ते,” ती म्हणाली. “भिंतीखालनं आलं. सा वर्सं झाली. मी काय बोलावून आणलं न्हाई.”

“आणि वाढवलंत?”

“उगवलेलं कोण उपटतं? गुरुवारचं ताक घालते. बिनमिठाचं. तुझं वाळलेलं दिसतंय मला भिंतीवरनं. ह्याच्या मुळाला पिलू हाय, ते काढून गाडग्यात लावलंय. म्हटलं, अक्षत घेऊन आलीस तर दीन.”

“आणि आले नसते तर?”

“तर मांडवात येऊन रुखवतात ठिवून गेले असते. पोरीचा काय दोष.”

शालननं झाडाकडे पुन्हा पाहिलं. खालपासून वरपर्यंत एकही डहाळी मोडलेली नव्हती. फांद्या सरळ, सलग, कुठंही दोन फुटव्यांची गाठ नाही. उघड्या दारातून, आत चुलीजवळच्या टोपलीत मात्र बाजारातली कोमेजलेली जुडी दिसत होती.

“आक्का, तुम्ही ह्याचं पान खाल्लं न्हाईत?”

“न्हाई.”

“सा वर्सांत?”

“ज्याचं झाड त्याला विचाराय पायजे न्हवं,” रत्नाक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपल्याला सांगितलेली गोष्ट तिनं नीट ध्यानात ठेवली होती, एवढंच.

शालनचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. “चुकलंच माझं त्या वेळी,” ती म्हणाली. “पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं.” नऊ वर्षं घशात अडकलेलं वाक्य इतकं लहान निघालं, याचं तिलाच नवल वाटलं. मग तिनं मठ्ठ्याचं सांगितलं, डब्यातल्या परक्या रोपाचं सांगितलं, लेकीला ‘व्हय’ म्हणाल्याचंही सांगितलं. रत्नाक्का सगळं ऐकून म्हणाली, “डबा रिकामा कर. पोरीला सांग खरं काय ते. ती काय झाडावर रुसणार न्हाई.”

तुळशीपुढं दिवा लागला. चुलीवर कढी उतू जायच्या बेतात होती. रत्नाक्का लगबगीनं आत वळली आणि टोपलीतल्या जुडीला हात घालणार, तोच शालन झाडापाशी गेली. तिनं एक डहाळी देठापासून मोडली. मग दुसरी.

“अगं, दिवेलागण झाली,” रत्नाक्का म्हणाली.

“होऊ द्या,” शालन म्हणाली, आणि तिनं त्या दोन डहाळ्या थोरलीच्या तळव्यावर ठेवल्या.

तेल तापलं. मोहरी उडाली. हिंग पडला. मग ती ओली, कोवळी, सहा वर्षं कुणी न मोडलेली हिरवाई कढल्यात पडली, चर्र झाली, आणि तिचा वास उठला. सावकाश, संध्येच्या तांबड्या धुरातून, तो भिंत चढला, वाळल्या फांद्यांच्या उघड्या जाळीतून गेला, आणि शालनच्या स्वयंपाकघरात शिरला, कुणालाही न विचारता.