कौरीच्या मुळाशी

पांगोच्या गळ्यातला पट्टा कुठे आहे ते एरूच्या हातातलं यंत्र दाखवत होतं. दोरीच्या पलीकडे, ओढ्याच्या वळणावर, कौरी नावाच्या उंच झाडांच्या, बंद केलेल्या रानात. आतून तिचं भुंकणं ऐकू येत होतं. तिनं डुक्कर अडवून धरलं होतं आणि ती मालकाची वाट बघत होती.

तिचा मालक एरू त्याच रानाच्या फाटकावर नोकरीला होता. उघड्या भागात शिकारीला परवाने द्यायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट आणि त्यांच्या कुत्र्यांचे पंजे घासून औषधाच्या पाण्यात बुडवायचे, आणि दोरीपलीकडे कुणाला पाऊल टाकू द्यायचं नाही, हे त्याचं काम. कौरीला लागलेली मूळकूज मातीतून पसरते, चिमूटभर ओला चिखल तिला पुरतो. बुंध्याशी डिंक सुटला की शेकडो वर्षांचं कौरीसुद्धा उभ्या उभ्या वाळतं. हे पटवता पटवता एरूच्या नाकी नऊ आले होते, कारण ऐकणारे सगळे त्याच्याच गोतातले. उभं आयुष्य त्यानं त्यांच्याबरोबर डुकरं मारली होती, गावातल्या प्रत्येक मयताच्या जेवणाला मांस पोचवलं होतं. आता तेच लोक त्याला धोबी म्हणत.

"डुकरांचे पाय कोण धुतं रे, धोबी?" होहेपा दर खेपेला विचारायचा.

"ती परवाना मागायला येत नाहीत. तू येतोस."

होहेपा त्याचा चुलतभाऊ. मागच्या हिवाळ्यात होहेपाची कुत्री अशीच दोरीखालून गेली, तेव्हा एरू त्याच्या वाटेत आडवा उभा राहिला होता. कुत्री परत आली नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं टोमण्यांपुरतंच उरलं होतं.

आज होहेपाच्याच कुत्र्यांनी उठवलेलं डुक्कर फाटकासमोरून पळालं, आणि पिकअपमध्ये बांधलेली पांगो दावं तोडून त्याच्यामागे गेली. होहेपा शेजारीच उभा होता.

"जा की," तो म्हणाला. "मी तिकडं तोंड करतो. कुणी विचारलं तर बघितलंच नाही म्हणेन."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच एरूला जड गेलं.

"पावसानं माती भिजलीय."

"तुझी कुत्री आहे ती, एरू."

"तुझी पण तुझीच होती."

एरूला जायचं होतं. एवढं त्याला आयुष्यात क्वचितच काही हवंसं वाटलं असेल. पण आज तो गेला असता, तर उद्यापासून त्या दोरीला कुणी भीक घातली नसती. त्यानं दोन्ही हातांनी दोरी धरली आणि हाका मारायला सुरुवात केली. पांगो आज्ञाधारक होती, फक्त अडवलेलं डुक्कर सोडून यायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. एरूनंच शिकवलं नव्हतं.

एकदा ती केकाटली. मग भुंकणं थांबलं. यंत्रावरचा ठिपका होता तिथेच राहिला. एरूचा घसा बसला, तेव्हा होहेपानं तोंडाशी हात धरले आणि तो हाका मारू लागला.

काही दिवसांनी माती सुकल्यावर वनखात्याच्या कचेरीनं एरूला आत जायची परवानगी दिली, नवे कोरे बूट घालून, एकट्यानं. तो परतला तेव्हा होहेपा फाटकावर बसून होता.

"आणली नाहीस?"

"पंजे मातीनं भरलेत. आतलं काही बाहेर आणायचं नाही, असं कचेरीनं बजावलंय."

"मग पुरलीस?"

"तिथं खणायचं नाही. मुळं वरवरच असतात. नेच्याची पानं तोडून घातली अंगावर."

शिकारी आपलं कुत्रं असं टाकून येत नाही. वाट कितीही अवघड असली तरी पाठीवर घालून घरी आणतो. हे होहेपानं बोलून दाखवलं नाही.

"झाडाखाली आहे?"

"मोठ्या कौरीखाली. पाठ बुंध्याला लावून बसल्यासारखी."

"त्या झाडाला डिंक सुटलाय का रे?"

हा प्रश्न होहेपानं आजवर कधी विचारला नव्हता.

"नाही," एरू म्हणाला. "अजून कोरडं आहे." आणि मग त्याला रडू आलं.